खेळाचे मोल कोणी द्यावे? : भोर-वेल्हे परिसरातील आखाडा, कबड्डी आणि शहरी बोलिंग यांच्या प्रवेशशुल्काचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

खेळ आणि पैसा यांच्या संबंधांची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यावसायिक खेळाडूंचे मानधन, प्रक्षेपणाचे हक्क किंवा लिलावाचे आकडे यांभोवती फिरते. सामान्य खेळाडूने केवळ खेळता यावे म्हणून भरावयाची नोंदणी फी हा विषय मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो. वास्तविक कोणत्या समाजात कोणाला खेळावयास मिळते, याचा निर्णय अनेकदा याच लहानशा रकमेने होत असतो.

नागरी मनोरंजनाचा भाग बनलेल्या बोलिंग या खेळाची नोंदणी फी इतर खेळांच्या तुलनेत न्याय्य आहे काय, असा प्रश्न अधूनमधून उपस्थित केला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन डोंगरी तालुक्यांच्या भूमीवर उभे राहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या तालुक्यांत बोलिंगची संस्कृती रुजलेली नाही, आणि नेमक्या याच कारणाने हा परिसर तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. येथे खेळाचा खर्च कोणी उचलावा याविषयी एक जुनी रीत होती. ती रीत कशी बदलली, हे पाहिल्यावाचून आजच्या फीच्या न्याय्यतेविषयी बोलणे अपुरे ठरेल.

प्रदेशाची पार्श्वभूमी

बारा मावळांपैकी गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे हे भाग आजच्या भोर-वेल्हे परिसरात येतात. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले याच भूमीत आहेत. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यांच्या वंशजांकडून पुढे भोर संस्थान आकारास आले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे या संस्थानाचे विभाग होते. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. विखुरलेल्या वाड्यावस्त्या, भातशेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि पोटासाठी पुणे-मुंबईकडे होणारे स्थलांतर ही या भागाची ठळक वैशिष्ट्ये होत. जत्रेला गावी परतणारा 'मुंबईकर' हा येथील गावजीवनाचा परिचित घटक आहे. खेळाच्या अर्थकारणातही त्याचे स्थान महत्त्वाचे आहे, हे पुढे दिसून येईल.

आखाडा : खेळणाऱ्याला देणारी व्यवस्था

मावळातील ग्रामदेवतेच्या जत्रेत पालखी, छबिना आणि तमाशा यांच्या जोडीने कुस्त्यांचा आखाडा हा अविभाज्य भाग मानला जातो. या आखाड्याची आर्थिक रचना लक्षात घेण्यासारखी आहे. जत्रेपूर्वी घरटी पट्टी किंवा वर्गणी गोळा होते. मुंबईकर मंडळी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालतात. कोणी एखाद्या कुस्तीचे इनाम आपल्या नावाने लावतो. आखाड्याची सुरुवात लहान मुलांच्या रेवडी-बत्ताशांवरील वा नारळावरील जोडींनी होते, इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती लागते. हलगीच्या तालावर मैदानात उतरणारा मल्ल फी भरत नाही. जोड जमली की तो लढतो आणि जिंकला तर घेऊन जातो. प्रेक्षकालाही तिकीट नसते.

येथे पैशाचा प्रवाह गावाकडून खेळाडूकडे वाहतो. मल्लाचा खुराक महाग असतो, दूध-तूप-बदामाचा खर्च सामान्य शेतकरी कुटुंबाला झेपत नाही, याची गावाला जाण असते. म्हणून इनाम हे बक्षीस असते, तसेच ते खर्चाची अंशतः भरपाईही असते. संस्थानिकांचा राजाश्रय हे याच तत्त्वाचे मोठे रूप होय. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा पुरस्कार करताना साधनांचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. स्वातंत्र्यानंतर मुळशी तालुक्यातील मुठे गावचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' किताबाची परंपरा सुरू झाली. राजाश्रयाची जागा संघटनेने घेतली, तरी मल्लाने द्यावे हा विचार मूळ धरू शकला नाही.

या व्यवस्थेची मर्यादा १९५२ मध्ये प्रकर्षाने समोर आली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना हेलसिंकी ऑलिंपिकसाठी जाण्याचा खर्च परवडणारा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जत्रेच्याच न्यायाने, म्हणजे समाजाच्या वर्गणीतून मिळाले. ही घटना अभिमानास्पद आहे, परंतु ज्या खेळाडूच्या पाठीशी असे प्राचार्य नव्हते त्याचे काय झाले असेल, हा प्रश्नही ती मागे ठेवते.

आखाड्याचे अनावश्यक उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. फी नव्हती म्हणजे अडसर नव्हता, असे म्हणता येत नाही. जत्रेतील मानपान जातींच्या उतरंडीशी निगडित होते आणि स्त्रियांना तर आखाड्यात प्रवेशच नव्हता. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगली येथे २०२३ मध्ये झाली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर ६२ वर्षांनी. रूढी जेथे दार बंद करते तेथे शुल्कमाफीला अर्थ उरत नाही.

प्रवेश फीचा उदय : जिमखाना ते कबड्डी

खेळण्यासाठी पैसे भरण्याची कल्पना आपल्याकडे प्रामुख्याने जिमखान्यांबरोबर आली. सभासदत्व, वार्षिक वर्गणी, नियमावली आणि हिशेबतपासणी ही तिची अंगे होती. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने पाश्चात्त्य खेळांबरोबर देशी खेळांनाही संघटित रूप देण्यास हातभार लावला. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाचे शिक्षण मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या. नियम ठरले, पंच आले, वेळापत्रक आले आणि त्यासोबत संघाची प्रवेश फी आली.

या फीचे समर्थन करता येते. दूरवरून येणाऱ्या संघांची संख्या निश्चित व्हावी, नाव नोंदवून संघ गैरहजर राहू नये, पंचांचे मानधन आणि मैदानाची आखणी यांचा खर्च निघावा, ही कारणे वाजवी आहेत. भोर-वेल्हे परिसरातील कबड्डी स्पर्धांतही हीच रीत आढळते. मुळात कबड्डीला साधन लागत नाही. १३ बाय १० मीटरचे मैदान आखले की खेळ सुरू होतो. परंतु मातीची जागा मॅटने घेतली, मॅटवरील बूट आले, २०१४ पासून प्रो कबड्डीच्या झगमगाटाने अपेक्षा वाढविल्या आणि स्पर्धेचा खर्च चढत गेला. टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांत तर वेगळेच रूप दिसते. तेथे अनेकदा संघांच्या फीमधूनच पहिल्या क्रमांकाचे रोख बक्षीस उभे राहते. म्हणजे हरणाऱ्यांचा पैसा जिंकणाऱ्याकडे जातो. आखाड्यात इनाम गाव देत असे, येथे ते प्रतिस्पर्धी देतात. हे स्थित्यंतर लहान वाटले तरी तत्त्वतः मोठे आहे.

आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त संघटनेकडील नोंदणी आणि स्पर्धेचे प्रमाणपत्र यांना नोकरीच्या बाजारात मूल्य प्राप्त झाले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या डोंगरी भागातील तरुणासाठी नोंदणीची रक्कम ही एका संधीच्या दाराची किल्ली आहे. अशा ठिकाणी फी किती आहे यापेक्षा ती भरू न शकणारा कोण आहे, हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

बोलिंग : एका महागड्या खेळाचा इतिहास

चेंडू लोटून उभ्या वस्तू पाडणे हा मानवाचा प्राचीन विरंगुळा आहे. आपल्याकडील लगोरी हे त्याचेच एक भावंड म्हणावे लागेल. सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू एवढ्यावर मावळातील मुलांच्या पिढ्या खेळल्या. युरोपात मात्र या खेळाच्या भावंडांवर फार पूर्वीच वर्गाची मुद्रा उमटली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात १५४१ मध्ये झालेल्या कायद्याने कारागीर, मजूर आणि नोकर यांना नाताळ वगळता गोलंदाजीचा हा खेळ खेळण्यास मनाई केली. वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यास मात्र स्वतःच्या आवारात खेळण्याचा परवाना मिळू शकत असे. ही बंधने १८४५ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली. मजुरांनी धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात वेळ घालवू नये, हे तिचे कारण सांगितले गेले, पण परिणाम असा झाला की एकच खेळ धनिकाला विरंगुळा आणि गरिबाला गुन्हा ठरला.

दहा खुंट्यांच्या आधुनिक बोलिंगचे नियम १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने प्रमाणित केले. या संघटनेने दीर्घकाळ गोऱ्या पुरुषांपुरतेच सभासदत्व राखले होते. वंशभेदाचे कलम १९५० मध्ये रद्द झाले. म्हणजे तोपर्यंत पैसे असूनही कृष्णवर्णीय खेळाडूची नोंदणी होत नसे. त्याच सुमारास खुंट्या आपोआप उभ्या करणारे यंत्र व्यवहारात आले आणि खुंट्या मांडणाऱ्या गरीब मुलांची मजुरी संपली. यंत्राने खेळ वेगवान केला, परंतु त्याचा भांडवली खर्चही वाढविला. प्रारंभरेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत ६० फूट लांबीची गुळगुळीत धावपट्टी, १६ पौंडांपर्यंतचे चेंडू, तेलाचा थर, वातानुकूलन आणि मोक्याच्या जागेचे भाडे हे सारे खेळणाऱ्याच्या खिशातून वसूल करावे लागते.

महाराष्ट्रात या खेळाचे आगमन ज्या जागी गाजले ती जागा अर्थपूर्ण आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या लोअर परळमधील फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंगचे दालन सुरू झाले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडकळीस आला होता. त्याच गिरणगावाच्या चाळींत आणि मैदानांत मुंबईची कबड्डी वाढली होती, आणि घाटावरच्या डोंगरी गावांतून गेलेल्या श्रमिकांच्या पैशावर गावाकडच्या आखाड्यांतील इनामे चढत होती. श्रमिकांचा विनाशुल्क खेळ ज्या भूमीवर वाढला त्याच भूमीवर तासाच्या दराने खेळ विकला जाऊ लागला. बोलिंगविषयीची अस्वस्थता केवळ फीच्या रकमेमुळे नसते, तिच्यामागे हा इतिहासही असतो.

कायद्याच्या दृष्टीनेही एक भेद दिसतो. १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाने पैसे घेऊन प्रवेश देणाऱ्या खेळांना करमणुकीत गणले होते. जत्रेचा विनातिकीट आखाडा स्वाभाविकच त्याबाहेर राहिला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर क्रीडास्पर्धा पाहण्यासाठी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला करमाफी मिळाली. बोलिंग खेळणाऱ्याच्या शुल्कावर मात्र कर द्यावा लागतो. पाहणाऱ्याला सवलत आणि खेळणाऱ्याला कर, ही विसंगती धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

तुलनात्मक विवेचन

केवळ आकड्यांची तुलना येथे दिशाभूल करू शकते. उदाहरणादाखल कल्पना करू की, कबड्डी स्पर्धेत संघाची फी १,२०० रुपये आहे. १२ खेळाडूंत ती विभागली तर प्रत्येकी १०० रुपये होतात. बाद पद्धतीत पहिलाच सामना हरलेल्या संघाला या रकमेत ४० मिनिटांचा एकच सामना मिळतो, आणि त्यातही एका वेळी सातच जण मैदानात असतात. दुसरीकडे बोलिंगच्या एका डावासाठी ३०० रुपये पडतात असे धरू. दहा टप्प्यांच्या एका डावात खेळाडूला फार तर २१ चेंडू टाकता येतात. गृहीत धरलेल्या या आकड्यांत बोलिंग महाग दिसते, पण यंत्रसामग्रीचा खर्च पाहता तो फरक अतर्क्य वाटत नाही. उलट कबड्डीच्या फीमागे तेवढा खर्च नसताना ती का असावी, असाही प्रतिप्रश्न करता येईल.

खरा भेद फीच्या पलीकडे, सरावात आहे. कबड्डीपटू वर्षभर गावच्या मैदानात, शाळेच्या पटांगणात किंवा कापणी झालेल्या खाचरात विनामूल्य सराव करतो आणि स्पर्धेपुरती फी भरतो. मल्ल तालमीत मेहनत करतो. धावपटूसाठी डोंगरवाट मोकळी असते. बोलिंगमध्ये सरावाचा प्रत्येक चेंडू विकत घ्यावा लागतो. स्पर्धेची नोंदणी फी दोन्हीकडे समान असली तरी त्या नोंदणीपर्यंत पोहोचण्याचा खर्च अतिशय विषम आहे. वेल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यात पुण्यापर्यंतच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासाची आणि बुडालेल्या दिवसाची भर घालावी लागते. म्हणून शुल्काच्या न्याय्यतेचा विचार करताना नोंदणी फी सुटी काढून पाहणे पुरेसे नाही. त्या खेळाला मोफत सरावाची वाट आहे की नाही, हा निकष प्रथम लावला पाहिजे.

तथापि बोलिंगच्या बाजूनेही एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. पैसे भरणाऱ्याला तेथे जात, गाव वा लिंग विचारले जात नाही. आई, मुलगी, आजोबा एकाच पट्टीवर खेळू शकतात. ज्या आखाड्यात स्त्रीला अनेक पिढ्या प्रवेश नव्हता त्याच्या तुलनेत बाजाराचे हे दार, महाग असले तरी, अधिक उघडे आहे. रूढीचा अडसर आणि पैशाचा अडसर यांपैकी एकाचे समर्थन करण्यासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करणे इतिहासाला धरून होणार नाही.

गडवाटेवरील धाव

भोर-वेल्हे परिसरात आज या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या डोंगरवाटांवर अलीकडच्या वर्षांत दीर्घ पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत. राज्यभरातून धावपटू फी भरून येतात. वैद्यकीय पथक, मार्गदर्शक खुणा, पाणी आणि खाद्य यांचा खर्च पाहता ही फी निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्या वाटेने धनगर, गुराखी आणि शाळकरी मुले रोज विनामूल्य चालतात, ती वाट एका दिवसासाठी शुल्काची होते. येथे बोलिंगच्या उलट स्थिती आहे. सराव पूर्णपणे मोफत आणि स्पर्धा मात्र सशुल्क. ज्यांच्या पायांना हा डोंगर उपजत परिचित आहे, त्यांना केवळ फीमुळे प्रारंभरेषेवर उभे राहता येऊ नये, हे न्यायाला धरून नाही. अशा स्पर्धांत स्थानिकांसाठी विनाशुल्क जागा असणे हा जुन्या जत्रेचाच न्याय ठरेल, कारण ज्या गावाची भूमी, त्या गावाचा मान.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती येतात.

१) बोलिंगची नोंदणी फी साधनखर्चाच्या प्रमाणात असल्यास ती स्वतःहून अन्याय्य ठरत नाही. सरावाचा विनामूल्य पर्याय नसल्यामुळे तो खेळ मात्र एका वर्गापुरता मर्यादित राहतो. शासन किंवा विद्यापीठे अशा खेळाला प्रमाणपत्राचे मूल्य देत असतील, तर सरावाची सोय करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

२) कबड्डी आणि क्रिकेटच्या स्थानिक स्पर्धांतील फी रकमेने लहान असली तरी तिचे समर्थन आपोआप होत नाही. संयोजनाचा खर्च आणि बक्षिसाची रक्कम वेगळी ठेवावी. खर्च फीतून आणि बक्षीस वर्गणीतून, ही विभागणी अधिक न्याय्य होईल.

३) जत्रेच्या पट्टीचा हिशेब गावापुढे वाचून दाखविण्याची रीत अनुकरणीय आहे. फी घेणाऱ्या प्रत्येक संयोजकाने तोच दंडक पाळावा.

४) तालुका क्रीडा संकुलांचा उपयोग प्रथम मोफत सरावासाठी व्हावा. गरजू खेळाडूची प्रवेश फी भरण्यासाठी महाविद्यालयांनी आपल्या क्रीडानिधीत लहानशी तरतूद करणे अशक्य नाही. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी १९५२ मध्ये घर गहाण ठेवून जे केले, ते आज व्यवस्थेने करावयाचे आहे.

आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाला गाव विचारत असे ते त्याच्या तयारीविषयी. आजचा संयोजक प्रथम पावती विचारतो. पावती नाकारून आधुनिक स्पर्धा चालणार नाहीत, हे खरे आहे. परंतु पावतीअभावी परत जाणारा खेळाडू कोण होता, याची नोंद ठेवण्याची सवय जरी संयोजकांना लागली, तरी न्याय्य शुल्काच्या दिशेने पहिले पाऊल पडेल.